छताला बीम निवडताना: आधी गाळा, मग लाकूड

जुन्या माणसांना घर केवढं असं विचारलं तर ते चौरस फूट सांगत नसत, खण सांगत. पाच खणी घर, सात खणी माडी. दोन तुळयांच्या मधली जागा म्हणजे एक खण. खोलीची रुंदी ठरायची ती रानात सरळ झाड किती लांबीचं मिळालं त्यावर. सुतार आधी ओंडके बघून यायचा, मग जोत्याची आखणी व्हायची.

आता सगळं उलटं झालंय. आधी नकाशा येतो, मग मोबाइलवर थ्रीडी चित्र. त्यात हॉल २० फूट रुंद, वर काळपट लाकडी तुळया, आणि घरमालकाचा पहिला प्रश्न असतो, "साग घेऊ की पाइन?" कोकणात आणि घाटावर स्वतःची घरं बांधणाऱ्यांच्या साइटवर मी देखरेखीचं काम करतो, त्यामुळे हा प्रश्न मला पाठ आहे. पण लाकूड कोणतं हा तिसरा प्रश्न. आधीचे दोन सुटले की तो बहुतेक वेळा आपोआप सुटतो. म्हणून त्याच क्रमाने जाऊ.

पहिली पायरी: बीम भार घेणार की नुसता दिसणार?

छतावर काँक्रीटचा स्लॅब येणार असेल तर त्याचा भार आरसीसीचे बीम आणि कॉलमच घेतात. त्याखाली लावलेली लाकडी तुळई म्हणजे दागिना. तो पोकळ प्लायवूडचा करा, सागाची पातळ फळी चढवून करा, स्लॅबला अँकर फास्टनरने लटकवा. त्याच्या मापाला गणित नाही, नजर आहे. अशा वेळी अख्खी भरीव सागाची तुळई टांगू नका. पैसे जातात, शिवाय ५०-६० किलोचं वजन डोक्यावर चार बोल्टांवर लोंबत राहतं.

कौलारू छप्पर, लाकडी माळा किंवा कडीपाट (कड्या म्हणजे बारीक तुळया, त्यांवर फळ्या) करायचा असेल तर गोष्ट वेगळी. तिथे तुळई खरी कामाला असते आणि तिचं माप स्ट्रक्चरल इंजिनिअरने काढून द्यायला हवं. सुताराचा अंदाज चांगला असतो, पण तो अंदाज त्याच्या आज्याच्या काळच्या ८-१० फुटी खोल्यांचा असतो. तुमचा हॉल १६ फुटांचा आहे हे त्या अंदाजात नाही.

दोन्हींची भेसळ मात्र करू नका. "वर स्लॅब आहेच, पण लाकडावरही थोडा भार देऊ" असं एका साइटवर ऐकलं होतं. भार असा वाटून मिळत नाही. जो भाग ताठ असतो तोच भार घेतो.

दुसरी पायरी: गाळा

दोन आधारांमधलं अंतर म्हणजे गाळा. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा: गाळा वाढला की वाक त्या प्रमाणात वाढत नाही, कितीतरी जास्त वाढतो. सगळीकडे सारखा भार असलेल्या तुळईचा गाळा दुप्पट केला तर वाक १६ पट होतो. १० फुटांचे १२ फूट केले तरी तो दुप्पट होतो. "दोनच फूट तर वाढवतोय" म्हणताना हे डोळ्यांसमोर असू द्या.

म्हणून तुळया नेहमी खोलीच्या आखूड बाजूने टाकायच्या. खोली १२ × १८ असेल तर तुळई १२ फुटी. चित्रात लांब बाजूने छान दिसते म्हणून १८ फुटी घ्याल तर लाकूड मिळायला अवघड, महाग, आणि वर चालताना हलणार.

आता उंची आणि जाडी. घरातली प्लास्टिकची फूटपट्टी दोन पुस्तकांवर आडवी ठेवा आणि मध्ये बोटाने दाबा. लगेच वाकते. तीच कडेवर उभी धरून दाबा, ढिम्म हलत नाही. तुळईचंही तसंच. ४ × ८ इंचाची तुळई उभी बसवली तर आडवीपेक्षा दुप्पट भार घेते आणि चौपट ताठ राहते. लाकूड तेच, पैसे तेच. तरी आजही साइटवर तुळया आडव्या बसवलेल्या दिसतात, कारण "रुंद बाजू खालून भारी दिसते".

एक नमुना देतो, म्हणजे अंदाज येईल. गाळा १० फूट, दर २ फुटांवर एक सागाची कडी, वर फळ्या आणि माणसांची रोजची ये-जा. राहत्या खोलीसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला २०० किलो भार धरतात, छताचं स्वतःचं वजन वेगळं. या हिशेबाने ३ × ६ इंचाची कडी मोडणार नाही, पण पोरं वर उड्या मारायला लागली की खालच्या माणसाच्या चहात लाटा येतील. ३ × ७ केली तर लाकूड फक्त सहावा हिस्सा जास्त लागतं आणि ताठपणा वाढतो दीडपटीहून थोडा जास्तच. पैसे घालायचे तर या एका इंचात घाला. हा नमुना आहे, नकाशावरचं माप इंजिनिअरचंच.

गाळा कमी करता येतच नसेल तर मध्ये खांब घ्या. लोक खांबाला का घाबरतात कळत नाही. आपल्या ओसऱ्या खांबांवरच उभ्या आहेत.

तिसरी पायरी: कशाचा बीम?

आरसीसीचं आधी उरकतो, कारण नव्या घरांत बहुतेक ठिकाणी तोच असतो आणि त्यात तुम्हाला निवडायला फार काही नसतं. बीमची उंची ढोबळमानाने गाळ्याच्या दहाव्या-बाराव्या भागाइतकी. म्हणजे १५ फुटांना १५ ते १८ इंच. मजल्याची उंची १० फूट धरली तर अशा बीमखाली साडेआठ फूट उरतात, हे पंखा आणि दरवाजा ठरवण्याआधी बघून घ्या. "बीम दिसायला नको, कन्सिल करा" असा हट्ट मोठ्या गाळ्याला धरू नका. स्लॅबच्याच जाडीत लपवलेला बीम उथळ असतो; त्याला रुंदी जास्त लागते, सळई जास्त लागते, आणि तरी तो वाकायला सोपा. छोट्या खोलीतल्या आडभिंतीखाली ठीक आहे. हॉलमध्ये बीम दिसू द्या. नाहीतर तो भिंतीच्या रेषेत येईल असा नकाशा करून घ्या.

आणि टेकू. काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक आयएस ४५६, त्याप्रमाणे ६ मीटरपर्यंतच्या बीमखालचे टेकू किमान १४ दिवस ठेवायचे, त्यापुढे २१. सेंटरिंगवाल्याला पाट्या दुसऱ्या साइटवर न्यायच्या असतात, त्यामुळे सातव्या दिवशी "सर, काँक्रीट दगड झालंय" असं ऐकू येतं. एका घरी मी दोन दिवस नव्हतो तेवढ्यात आठव्या दिवशी हॉलच्या बीमखालचे टेकू निघाले. पडलं काही नाही. मध्ये बोटभर झोळ आला, तो तिथल्या पीओपीत आजही दिसतो.

लोखंडी गर्डर हा पर्याय लोक उगाच विसरतात. १५० मिलिमीटर उंचीचा आय सेक्शन, म्हणजे इंग्रजी I आकाराचा गर्डर, मीटरला सुमारे १५ किलो भरतो. १४ फुटांचा तुकडा ६४ किलोच्या आसपास. तेवढ्याच लांबीची ४ × ८ ची सागाची तुळई ५५-६० किलो. वजन जवळपास सारखं, पण गर्डर साधारण दुप्पट ताठ, उंचीला दोन इंच कमी, आणि वाळवी त्याच्याकडे बघतही नाही. लाकूडच दिसायला हवं असेल तर गर्डरला तीन बाजूंनी सागाच्या फळ्यांची पेटी करा. मला स्वतःला १४ फुटांपुढे हाच मार्ग पटतो. फक्त समुद्राजवळ असाल तर नुसत्या रेड ऑक्साइडवर भागवू नका. गंज घासून काढून इपॉक्सी प्रायमर, तोही पेटी लावण्याआधी. एकदा पेटी लागली की आत काय चाललंय कळत नाही.

आता लाकूड.

साग वाळवीला बऱ्यापैकी पुरून उरतो, वाळताना फारसा पिळत नाही, रंध्याला मऊ. वखारीत "सीपी" म्हणतात तो आपल्या मध्य भारतातला, बल्लारशाह-नागपूरकडचा साग. "बर्मा" म्हणून जे दाखवतात त्याची थोडी चौकशी करा. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून सागाचे गोल ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं, तेव्हापासून बाजारात आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या लागवडीचा साग भरपूर आहे. तो वाईट नसतो, पण पोरवयातला असतो: गाभा बारीक, कडेचं पांढरं लाकूड जास्त. ते पांढरं लाकूड वाळवीसाठी खाऊच.

ऐन आणि किंजळ कोकणातल्या जुन्या घरांत सर्रास दिसतात. ऐन सागापेक्षा बराच जड आणि मजबूत. मात्र वाळताना तडकतो, खिळा सहज घेत नाही. फणसाचं लाकूड पिवळंधमक सुंदर, घरच्या झाडाचं असेल तर कडीला उत्तम. आंबा भाराला नको. आयात पाइन बिनप्रक्रियेचा असेल तर कोकणात नकोच. "मलेशियन साल" या नावाखाली निरनिराळी आयात लाकडं विकली जातात. त्यांचा आपल्या साल वृक्षाशी संबंध नावापुरता.

घरच्या परड्यातलं झाड तोडायचं मनात असेल तर आधी वन खात्याकडे जा. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली साग, ऐन, किंजळ, फणस, आंबा अशा झाडांना स्वतःच्या जमिनीतही परवानगी लागते, आणि लाकूड गिरणीवर न्यायला वाहतुकीचा पास वेगळा. कागद हातात आल्याशिवाय झाडाला करवत लावू नका.

चौथी पायरी: वखारीत

इथे घाई करू नका. सकाळचा उजेड असताना जा आणि सुताराला बरोबर न्या. त्याची त्या दिवसाची मजुरी द्या, ती वसूल होते.

तुळई जमिनीवर ठेवून घ्या. एका टोकावरून डोळा लावून बघा, मग दोरी ताणून बघा. एका दिशेची बारीक कमान चालते. बसवताना फुगीर बाजू वर ठेवली की भाराने सरळ होते. पीळ चालत नाही. चार कोपऱ्यांपैकी एक जमिनीवरून उचललेला दिसला की ती बाजूला.

मग रेषा बघा. लाकडाचे धागे टोकापासून टोकापर्यंत लांबीने गेलेले हवेत. तिरके जाऊन कडेला बाहेर पडत असतील तर भार आल्यावर तुळई तिथेच फाटते. लांबीच्या दिशेचे बारीक तडे बघून घाबरू नका, जाड लाकूड वाळताना ते पडतातच. आडवा किंवा तिरका तडा मात्र नको. गाठींचं असं की खालची कड ताणाखाली असते, म्हणून मधल्या भागात खालच्या कडेला मोठी गाठ नको. तीच गाठ वरच्या बाजूला किंवा भिंतीजवळ आली तर चालून जाते.

हातोडीने हलकेच ठोका. चांगलं लाकूड टणटण बोलतं, पोखरलेलं किंवा कुजलेलं भद्द वाजतं. बारीक गोल भोकं आणि खाली पिठासारखी पूड दिसली तर किडा आत जिवंत आहे.

आणि ओल. माझ्या स्वतःच्या घराच्या पडवीसाठी मी मे महिन्यात एका वखारीतून ऐनाच्या सहा तुळया घेतल्या. पाऊस तोंडावर, छप्पर उघडं, मीही घाईत. मालकाने "वर्षभर पडून आहे" असं शपथेवर सांगितलं. आमचे सुतारकाका तुळईवर तळवा ठेवून म्हणाले, "ह्यां अजून ओलां आसा." मी ऐकलं नाही. दिवाळीपर्यंत सहांतल्या दोन तुळया पिळल्या, एकीने वरची फळी उचलली, आणि पडवीच्या त्या कोपऱ्यात कौलं अजून नीट बसत नाहीत.

तेव्हापासून ओल मोजायचं छोटं यंत्र खिशात असतं. पण जाड तुळईवर ते फसवतं, कारण सुया वरच्या सुकलेल्या थरातच जातात. म्हणून विकत घ्यायच्या तुळईचं एक टोक फूटभर कापायला सांगा आणि ताज्या कापावर, मधोमध, मोजा. १२ ते १५ टक्के असेल तर छान. २० च्या वर असेल तर ती तुळई छपराखाली रचून ठेवायची, मधे मधे पट्ट्या घालून, वारा खेळेल अशी. ढोबळ हिशेब असा सांगतात की इंचभर जाडीला एक वर्ष. तेवढा धीर नसेल तर गर्डरकडे वळा. यंत्र नसेल तर वजन करा: वाळलेला साग घनफुटाला १८-१९ किलो भरतो. ४ × ८ × १४ ची तुळई ७५ किलो भरली तर जास्तीचं पाणी आहे, आणि ते तुम्ही सागाच्या भावाने घेताय.

वाड्याचं जुनं लाकूड हा पुण्या-साताऱ्याकडचा मोठा मोह. शंभर वर्षं वाळलेला साग, पिळायचा प्रश्नच नाही. पण भिंतीत गेलेली टोकं बहुधा कुजलेली असतात, दोन्हीकडून फूटभर कापायची तयारी ठेवा. १४ फुटी तुळई घरी येईपर्यंत १२ फुटी होते. मधल्या भागात कुसवाच्या, म्हणजे दुसऱ्या लाकडाचं टोक अडकवायच्या, जुन्या खाचा असतील तर खाच वर येईल अशी फिरवा. आणि गिरणीवर टाकण्याआधी प्रत्येक खिळा उपटून काढा, नाहीतर करवतीच्या पात्याचं बिल तुमच्या नावावर.

बिल घनफुटात होतं. जाडी इंचात गुणिले रुंदी इंचात गुणिले लांबी फुटात, भागिले १४४. ४ × ८ × १४ म्हणजे ३.११ घनफूट. वखारीतच कागदावर मांडा. आणखी एक: ४ × ८ ला रंधा मारला की पावणेचार × पावणेआठ उरतं. नकाशावरचं माप रंध्यानंतरचं आहे की आधीचं, हे इंजिनिअरला विचारून त्याप्रमाणेच मागणी द्या.

पाचवी पायरी: बसवणं

तुळई मध्ये मोडल्याची उदाहरणं कमी. ती मरते भिंतीत गेलेल्या टोकाशी. जांभ्याचा चिरा पाणी धरतो, त्याला टेकलेलं लाकूड पावसाळाभर ओलं राहतं. म्हणून टोकाखाली काँक्रीटचा पट्टा किंवा सपाट काळा दगड, त्यावर डांबरी फेल्टचा तुकडा, आणि तुळई किमान ६ इंच आत. बाजूंना आणि टोकामागे अर्धा इंच मोकळी जागा ठेवा. गवंडी तिथे माल भरायला टपलेला असतो, भरू देऊ नका. लाकडाला श्वास लागतो. टोकांना आधीच बोरॅक्स-बोरिकचं पाणी पाजून घ्या. आमच्याकडे काजूच्या टरफलांचं तेल लावतात, तेही चांगलं. पण हातमोजे घाला, कातडी सोलवटून निघते.

तुळई नुसती ठेवलेली नसावी, लोखंडी पट्टीने भिंतीवरच्या काँक्रीटच्या पट्ट्याशी बांधलेली असावी. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरची जड धाबी, म्हणजे मातीची सपाट छतं, माणसांवर आली. छत हलकं आणि भिंतीशी घट्ट बांधलेलं असणं हे आपल्याकडे शोभेचं काम नाही.

वायरिंगवाला येण्याआधी सुतार, सुतार येण्याआधी वायरिंगचा नकाशा. भोक पाडायचंच असेल तर तुळईच्या उंचीच्या मधोमध, बारीक. खालच्या कडेला खाच कुणालाही मारू देऊ नका, पंख्याच्या हुकासाठीसुद्धा नाही. हुक आरपार बोल्टाने, वर पट्टी घालून.

बीमखाली पलंग नको असं घरात कोणीतरी म्हणणारच. मी त्यावर वाद घालत नाही. नकाशाच्या वेळीच पलंगाची जागा विचारून घेतो आणि बीम भिंतीच्या रेषेवर ढकलतो. तिथे तो स्वस्तही पडतो. स्लॅब पडल्यावर पलंग सरकवत बसण्यापेक्षा हे सोपं.

घर झालं, वास्तुशांत झाली, पावसाळा गेला की एक काम उरतं. नवं लाकूड पहिल्या वर्षात आकसतं; ओलसर घेतलेली ८ इंची तुळई पाव इंचापर्यंत कमी भरते. आवळून बसवलेले बोल्ट त्यामुळे सैल होतात. दिवाळीनंतरच्या कोरड्या आठवड्यात पाना घेऊन माळ्यावर चढा आणि एकेक नट तपासा. बहुतेक नट अर्धा-पाऊण वळसा घेतात. माझ्या पडवीतल्या त्या दोन तुळयांचे अजून दरवर्षी घेतात.